कोर्ट मार्शल एकाचं, शिक्षा घराची

आमच्या मस्तगड भागातल्या भिशीत विषयांना तोटा नसतो. शेंगदाण्याच्या भावापासून सुनेच्या मोबाइलपर्यंत काहीही निघतं. मागच्या खेपेला मात्र एका प्रश्नावर सगळ्याजणी गप्प झाल्या. गल्लीतल्या एका मावशींचा नातू फौजेत भरती झालाय. कुठल्याशा मालिकेत त्यांनी 'कोर्ट मार्शल' हा शब्द ऐकला आणि त्यांच्या पोटात गोळाच आला. मला म्हणाल्या, "तू पेपरात लिहितीस ना? मग सांग बरं. कोर्ट मार्शल म्हंजी काय? त्यात वकील असतो का? अन् घरच्यांला भेटू देतेत का?"

तीनच प्रश्न, पण किती नेमके! पोलीस, कोर्ट, तारीख, जामीन हे शब्द आपल्याला नवे नाहीत. भाऊबंदकीत शेताच्या बांधावरून का होईना, घरातलं कुणी ना कुणी जिल्हा कोर्टाची पायरी चढलेलं असतं. फौजेचं कोर्ट मात्र आपण सिनेमातच बघितलेलं. आणि आपल्या भागातली पोरं तर ढिगानं फौजेत जातात. मैत्रिणींनो, म्हणून आज या तीन प्रश्नांची उत्तरं. तिसऱ्या प्रश्नावर मला एक मराठी आई आठवली. तिच्याकडे येतेच, पण आधी पहिला प्रश्न.

आपल्या जालन्याला फौजेचं वारं नवं नाही. १८०३ साली आपल्याच जिल्ह्यातल्या असईला इंग्रज आणि मराठे यांची मोठी लढाई झाली. पुढे कितीतरी वर्षं जालन्याला इंग्रजांची छावणी होती. मस्तगडाचा बुरूज बघत वाढलेल्या आपल्याला 'फितुरी' हा शब्द शाळेच्या इतिहासापासून ठाऊक. कुणीतरी आतून कडी काढली आणि गड पडला, अशा गोष्टी आजीनं सांगितलेल्या. आता गडाची कडी राहिली नाही. नकाशा असतो, कुठली पलटण कुठे हलली याचा कागद असतो, फोनमधला एखादा फोटो असतो. पण गुन्हा तोच. आर्मी अ‍ॅक्टमध्ये, म्हणजे १९५० च्या आपल्या लष्करी कायद्यात, फितूर होऊन शत्रूला माहिती पुरवण्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा सांगितली आहे. शिवाय इंग्रजांच्या काळातला १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा आहेच. तो तुम्हा-आम्हालाही लागू होतो बरं का!

तर कोर्ट मार्शल म्हणजे फौजेचं स्वतःचं कोर्ट. त्याचे चार प्रकार आहेत. सगळ्यात मोठं ते जनरल कोर्ट मार्शल. तिथे काळ्या कोटातले न्यायाधीश नसतात, गणवेशातले किमान पाच अधिकारी बसतात. त्यांना कायदा समजावून सांगायला जज अ‍ॅडव्होकेट नावाचा लष्करातलाच एक जाणकार अधिकारी असतो. फाशी द्यायची तर किमान दोन तृतीयांश सदस्य राजी हवेत. आणि शिक्षा सुनावली की लगेच अंमल, असंही नाही. वरच्या अधिकाऱ्यानं किंवा सरकारनं शिक्कामोर्तब केल्यावरच ती पक्की होते. ऐन लढाईत मात्र एवढा वेळ कुठून असणार? मग समरी जनरल कोर्ट मार्शल बसतं. त्यात तीन अधिकारीही पुरतात, पण फाशीसाठी सगळ्यांचं एकमत लागतं.

वकील असतो का? असतो. आरोपीच्या बाजूनं बोलायला एक अधिकारी देतात आणि स्वतःच्या खर्चानं बाहेरचा वकीलही लावता येतो. निकाल पटला नाही तर दाद मागता येते. पूर्वी त्यासाठी हायकोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. २००७ च्या कायद्यानं सैन्यातल्या लोकांसाठी वेगळं न्यायाधिकरण आलं, २००९ पासून त्याचं काम सुरू झालं. त्याचं एक खंडपीठ मुंबईलाही आहे. कागदावर पाहिलं तर सगळं जागच्या जागी आहे. पण गुपित फोडल्याचा खटला म्हटला की दारं बंद होतात. पुरावाच गुपित, मग तो चारचौघांत कसा दाखवणार? आणि जे चारचौघांत दिसत नाही, ते खरं की खोटं हे कोण तपासणार? खरी मेख इथेच आहे.

आता कुणी म्हणेल, फितुरांची कसली कीव करता? बाई, कीव नाही. खऱ्या फितुरीनं काय होतं ते आपल्याच फौजेनं भोगलंय. दुसऱ्या महायुद्धात मलायामध्ये, म्हणजे आजच्या मलेशियात, ब्रिटिश हिंदी फौज लढत होती. तिच्यात न्यूझीलंडमध्ये जन्मलेला पॅट्रिक हीनन नावाचा एक कॅप्टन होता. फौज आणि विमानदल यांच्यात ताळमेळ ठेवण्याचं काम त्याच्याकडे होतं, म्हणजे विमानं कुठून कधी उडणार हे त्याला माहीत. डिसेंबर १९४१ मध्ये जपाननं हल्ला चढवला आणि काही दिवसांतच जपान्यांना माहिती पुरवल्याच्या आरोपावरून हीननला पकडलं. पुढच्या महिन्यात सिंगापूरला त्याचं कोर्ट मार्शल झालं. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. त्याच्या एक-दोन दिवस आधी त्याला गोळी घातली, असं त्याच्यावर लिहिणारे सांगतात. सिंगापूर काही एकट्या हीननमुळे पडलं नाही. पण हजारो हिंदी जवान तिथे कैदेत पडले. त्यातल्या कितीतरी घरांत वर्षानुवर्षं पत्र आलं नाही. एक गुपित फुटलं की गावोगावच्या बायकांचं कुंकू टांगणीला लागतं. म्हणून या गुन्ह्याला कडक शिक्षा असावी, याबद्दल दुमत नाहीच.

पण गुन्हा जेवढा मोठा, तेवढी चूक महागात पडते. त्याची जगातली सगळ्यात गाजलेली गोष्ट फ्रान्सची. आणि ती सुरू होते एका झाडूपोछा करणाऱ्या बाईपासून! पॅरिसमधल्या जर्मन वकिलातीत साफसफाई करणारी एक बाई तिथल्या कचऱ्याच्या टोपलीतले कागद गोळा करून फ्रान्सच्या हेरखात्याला देत असे. १८९४ साली असाच एक फाडलेला कागद सापडला. कुणीतरी फ्रेंच अधिकारी जर्मनांना लष्करी गुपितं विकत होता. संशय आला तोफखान्यातल्या कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफसवर. तो ज्यू होता, आणि तेव्हा ज्यूंबद्दल तिथे फार आकस. अक्षर थोडंफार जुळलं म्हणे. बंद दाराआड कोर्ट मार्शल झालं. न्यायाधीशांच्या हातात कागदांची एक गुप्त फाइल ठेवण्यात आली. ती ना ड्रेफसला दाखवली, ना त्याच्या वकिलाला! निकाल लागला, सगळ्यांच्या एकमतानं दोषी. जानेवारी १८९५ मध्ये भर चौकात त्याच्या गणवेशावरची चिन्हं ओरबाडून काढली, तलवार मोडली आणि त्याला सातासमुद्रापार एका ओसाड बेटावर नेऊन टाकलं.

आता त्याच्या बायकोचं बघा. लुसी तिचं नाव. वय पंचविशीचं, पदरात दोन लहान लेकरं. नवऱ्याला पकडून नेलं तेव्हा घराची झडती घ्यायला आलेल्या अधिकाऱ्यानं तिला बजावलं, हे कुणाला सांगायचं नाही, सांगितलंस तर नवऱ्याचंच वाईट होईल. दोन आठवडे ती बाई हे दुःख एकटी गिळून बसली. विचार करा, शेजारीण दारात येऊन "साहेब दिसले नाहीत बरेच दिवसांत" म्हणत असेल, तेव्हा तिनं काय सांगितलं असेल? पण ही बाई कोलमडली नाही. बेटावर नवऱ्याजवळ राहायची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. मग अर्ज केले, पत्रं लिहिली, दिराला हाताशी धरून माणसं जोडली. खरा गुन्हेगार दुसराच अधिकारी होता हे दोन वर्षांत कळलं, तरी फौजेला आपली चूक कबूल करवेना. एमिल झोला या मोठ्या लेखकानं १८९८ साली पेपरात जाहीर पत्र लिहून सगळ्या देशाला हलवलं. तरीही ड्रेफसवरचा डाग पूर्ण पुसायला १९०६ उजाडलं. बारा वर्षं! आणि आता २०२५ मध्ये फ्रान्सच्या संसदेनं कायदा करून त्याला मरणोत्तर ब्रिगेडियर जनरल केलं. अन्याय व्हायला चार दिवस पुरतात, निस्तरायला सव्वाशे वर्षं.

"ती फ्रान्सची गोष्ट झाली, आपल्याकडे असं होत नसेल," असं वाटतंय ना? आपल्याकडचं सांबा प्रकरण वाचा. सांबा हे जम्मूजवळचं, सीमेलगतचं गाव. तोफखान्यातले दोन जवान पाकिस्तानला माहिती पुरवताना सत्तरच्या दशकात सापडले. चौकशीत त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. १९७८-७९ मध्ये तिथल्या एकाच ब्रिगेडमधले पन्नासहून जास्त लोक पकडले गेले, त्यात कॅप्टन आणि मेजरही होते. छळ करून कबुलीजबाब घेतल्याचं त्यांनी सांगितलं. काहींना लांबलचक तुरुंगवास झाला, बऱ्याच जणांची नोकरी गेली. ज्या जवानांनी नावं घेतली त्यातल्या एकानं पुढे, आपण खोटी नावं घेतली होती, असंही सांगून टाकलं. डिसेंबर २००० मध्ये दिल्ली हायकोर्टानं हा न्यायाचा घोर विपर्यास आहे असं म्हणून शिक्षा रद्द केल्या. हुश्श म्हणावं, तर २००६ साली सुप्रीम कोर्टानं तो निकाल बाजूला ठेवला, प्रकरण परत हायकोर्टात गेलं, आणि पुढे त्या अधिकाऱ्यांच्या पदरी निराशाच पडली. पकडलं तेव्हा ज्यांची लेकरं अंगणवाडीच्या वयाची होती, त्यांच्या लेकरांची लग्नं झाली असतील एवढ्या काळात. कोण खरं, कोण खोटं, याचा समाधान होईल असा उलगडा काही झाला नाही.

आता मावशींचा तिसरा प्रश्न. घरच्यांना भेटू देतात का? आणि ती आई.

तुम्हाला कुलभूषण जाधव आठवत असतील. जन्म सांगलीचा, वडील मुंबई पोलिसांत, स्वतः नौदलात अधिकारी. आपल्या सरकारचं म्हणणं असं की, ते नौदलातून निवृत्त होऊन इराणमध्ये व्यवसाय करत होते आणि तिथून त्यांना पळवून नेलं. पाकिस्तानचं म्हणणं वेगळं. मार्च २०१६ मध्ये बलुचिस्तानात हा हेर पकडला, त्याच्याकडे दुसऱ्याच नावाचा पासपोर्ट होता, असं त्यांनी जाहीर केलं आणि कबुलीची एक चित्रफीत दाखवली. म्हणजे हे प्रकरण आपल्या फौजेच्या कोर्टाचं नाही, पाकिस्तानी फौजेनं चालवलेल्या कोर्ट मार्शलचं. गुपितं फोडल्याचा नव्हे, तर दुसऱ्याच्या घरातली गुपितं काढल्याचा आणि घातपाताचा आरोप. पण बंद दार तेच. आपल्या वकिलातीच्या माणसाला भेटू द्या, म्हणून भारतानं सोळा वेळा मागणी केली. सोळाही वेळा नाही. मनासारखा वकील नाही. आणि १० एप्रिल २०१७ ला एकदम बातमी आली, फाशीची शिक्षा.

आपला मुलगा परक्या मुलखात कैदेत आहे, त्याला फाशी सुनावली आहे, आणि हे आईला टीव्हीवरून कळतंय. त्या आईनं त्याच महिन्यात मुलासाठी अपिलाचा अर्ज लिहून दिला, तो आपल्या वकिलातीनं पाकिस्तान सरकारला दिला. मे महिन्यात भारत नेदरलँड्समधल्या हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. दहा दिवसांत, १८ मे २०१७ ला, त्या न्यायालयानं फाशी थांबवायला सांगितली.

मग त्या वर्षी नाताळच्या दिवशी आई आणि बायकोला भेटायची परवानगी मिळाली. दुबईमार्गे दोघी इस्लामाबादला पोचल्या. भेट साधारण चाळीस मिनिटांची. दोन वर्षांनी लेक समोर दिसतोय, पण मध्ये काच. बोलायचं ते यंत्रातून. हात हातात घेता येत नाही, केसांवरून हात फिरवता येत नाही. आणि आत जाण्याआधी काय झालं, ते परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी २८ डिसेंबरला संसदेत सांगितलं. दोघींना कपडे बदलायला लावले. जी आई आयुष्यभर साडीच नेसत आली, तिला सलवार-कमीज घालायला लावला. बांगड्या काढल्या, टिकली काढली, मंगळसूत्र काढलं. आईच्या गळ्यात मंगळसूत्र नाही हे बघताच मुलानं पहिलं काय विचारलं असेल? बाबा कसे आहेत, हेच. त्याला वाटलं, आपल्यामागे घरी काही बरंवाईट झालं.

त्या आईला मराठीत बोलू दिलं नाही. ती मराठीत बोलायला लागली की थांबवायचे. आता सांगा, इतक्या वर्षांनी लेक भेटल्यावर "जेवलास का रे?" हे कोणत्या भाषेत विचारायचं? सुनेच्या पायातले बूट काढून घेतले ते परत दिलेच नाहीत, त्यात काहीतरी धातूची वस्तू होती असं कारण पाकिस्ताननं दिलं. ही सगळी काळजी सुरक्षेसाठी होती, असं त्यांचं म्हणणं. असेलही तुमची सुरक्षा. पण कुंकवाच्या टिकलीत कसली आली सुरंग? टीव्हीवर ती दृश्यं बघताना आमच्या गल्लीतल्या बायका जेवणाची ताटं बाजूला सारून बसल्या होत्या. त्या आईनं कुठलाच गुन्हा केला नव्हता, तिच्यावर कुठलाच आरोप नव्हता. शिक्षा मात्र तिला झाली.

हेगमध्ये आपली बाजू मांडली हरीश साळवे यांनी. नागपुरात वाढलेला हा माणूस, मोठमोठ्या कंपन्यांचे खटले लढवणारा, पण या खटल्यासाठी त्यांनी फक्त एक रुपया फी ठरवली. १७ जुलै २०१९ ला निकाल लागला. पंधरा न्यायाधीश एका बाजूला आणि एकटे पाकिस्तानचे न्यायाधीश दुसऱ्या बाजूला. परक्या देशात पकडलेल्या माणसाला त्याच्या देशाच्या वकिलातीची मदत मिळालीच पाहिजे, असा १९६३ चा व्हिएन्ना करार आहे. तो पाकिस्ताननं मोडला, असं न्यायालयानं म्हटलं. वकिलातीला भेटू द्या, शिक्षेचा खरोखरीचा फेरविचार करा आणि तोवर फाशी देऊ नका, असा आदेश दिला. पुढे ६ ऑगस्टच्या संध्याकाळी सुषमाताईंनी साळव्यांना फोनवर म्हटलं, या उद्या, तुमची एक रुपया फी घेऊन जा. त्याच रात्री त्या गेल्या. तो रुपया नंतर त्यांच्या मुलीनं साळव्यांच्या हातात दिला.

मैत्रिणींनो, हा निकाल नीट समजून घ्यायला हवा. जाधव निर्दोष आहेत असं ते न्यायालय म्हणालं नाही. दोषी आहेत असंही म्हणालं नाही. शिक्षा रद्द करा आणि त्यांना सोडून द्या ही आपली मागणी त्यांनी मान्य केली नाही. ते एवढंच म्हणाले की, माणूस कुणीही असो, त्याच्यावर आरोप कितीही भयंकर असो, त्याचं म्हणणं ऐकून घ्यायची रीत पाळली गेली पाहिजे. सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या वकिलातीचा अधिकारी त्यांना भेटू शकला. २०२१ मध्ये पाकिस्ताननं फेरविचारासाठी कायदाही केला. पण २०२५ उजाडलं तरी तो मुलगा घरी आलेला नव्हता.

फ्रान्सची लुसी, सांब्याच्या त्या बायका, आणि ही आपली मराठी आई. देश वेगळे, काळ वेगळा. पण तिघींच्या वाट्याला तेच आलं. ज्या खोलीत नवऱ्याचा, मुलाचा निवाडा होतोय, त्या खोलीत तिला जागा नाही. आत काय बोललं गेलं हे तिला कधीच कळणार नाही. बाहेर मात्र गल्लीचा निकाल केव्हाच लागलेला असतो.

गल्लीचा निकाल कसा असतो, हे काय मी सांगायला पाहिजे? किराणा दुकानात उधारी बंद होते. लेकराच्या डब्यातली भाजी कुणी खात नाही. हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही. मुलीचं स्थळ जमत आलेलं मोडतं. पाच अधिकाऱ्यांच्या कोर्टाला निदान आरोपपत्र तरी लागतं. आपल्याला चॅनेलवरची खालची पट्टी पुरते. त्यात पैशांची ओढाताण वेगळीच. फौजेतून बडतर्फ झालेल्या माणसाचा पेन्शनचा हक्कही साधारणपणे जातो, राहतं क्वार्टर सोडावं लागतं. नवरा आत आणि बाई दोन ट्रंका घेऊन माहेरच्या दारात. तिथे तरी तिला सुखानं कोण राहू देणार?

म्हणून चार उपयोगाच्या गोष्टी सांगून ठेवते. अशी वेळ कुणावरही येऊ नये, पण माहिती असावी. आपल्या देशात कुठल्याही बाईला मोफत कायदेशीर मदत मिळायचा हक्क आहे, मग तिचं उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या कायद्यानं तो दिलाय. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे साधा अर्ज द्यायचा. फौजी घरांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं जवानांच्या कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना सुरू केली, तिचीही चौकशी करा. घरातल्या माणसाचा सर्व्हिस नंबर, त्याच्या युनिटचं नाव, सगळ्या कागदांच्या झेरॉक्स एका पिशवीत बांधून कपाटात ठेवा. त्याची पत्रं जपा. वेळ आली की कागदच बोलतो.

आणि एक गोष्ट आपल्या हातातली, म्हणजे अगदी शब्दशः हातातली. मोबाइल! पूर्वी गुपित काढायला कचऱ्याची टोपली उपसावी लागे, आता आपणच ते स्टेटसला ठेवतो. 'माझा बाळ आज अमक्या स्टेशनवरून तमक्या पोस्टला निघाला,' असं लिहून वर गणवेशातला फोटो. मायेपोटीच असतं, मला काय कळत नाही? पण जुलै २०२० मध्ये फौजेनं आपल्या जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसकट ८९ अ‍ॅप फोनमधून काढून टाकायला सांगितले, ते उगीच नाही. अनोळखी नंबरावरून गोड आवाजातली बाई आधी ओळख वाढवते, मग हळूच विचारते, सध्या कुठे आहात. मे २०२३ मध्ये पुण्यात संरक्षण संशोधनातल्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञाला अशाच ओळखीतून माहिती पुरवल्याच्या आरोपावरून अटक झाली. आरोप खरा की खोटा हे कोर्टानं ठरवायचं. पण एवढी शिकलेली माणसं या सापळ्याच्या आरोपात अडकतात, तर आपण तर साध्या बायका. तेव्हा पोरगा कुठे आहे असं कुणी विचारलं तर "बरा आहे" एवढं सांगावं. गाव सांगू नये, युनिट सांगू नये, रजा कधी तेही सांगू नये.

देशाचं गुपित जपणं हे असं आपल्या ओट्यापासून सुरू होतं. आणि न्यायाचंही तसंच आहे. फितूर खरा असेल तर त्याला शिक्षा व्हावी, कडक व्हावी. पण तो खरा आहे की नाही हे ठरवायचं काम कोर्टाचं, नळावरच्या रांगेचं नाही. ज्या घरावर असा आरोप आला, तिथली म्हातारी, तिथली सून, तिथली शाळेत जाणारी पोर, त्यांनी काहीच केलेलं नसतं. त्या दारावरून जाताना मान वळवू नका. कोर्टाचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. तोवर तिला चहाला हाक मारायला कुणाची परवानगी लागत नाही.